शेवटच्या पुराची खूण आणि आपला अंदाज : गिल्बर्ट व्हाइट आणि त्यांच्या मंडळींचं संशोधन

भूगोलवाला

दर जुलै-ऑगस्टमध्ये इथं पुरावर दोन-तीन धागे निघतात आणि चौथ्या प्रतिसादापर्यंत कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर जाऊन अडकतात. हाही अडकेल, फक्त थोडा उशिरा अडकावा एवढीच विनंती.

विषय असा : धोका समोर दिसत असताना माणसं तिथंच का राहतात, इशारा ऐकून का हलत नाहीत, पूर ओसरल्यावर पुन्हा तिथंच घर का बांधतात? हे प्रश्न पद्धतशीर विचारायला सुरुवात केली ती गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकन भूगोलतज्ज्ञानं. जन्म १९११, शिकागो. १९३४ पासून काही वर्षं वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्ट सरकारच्या जलनियोजन समित्यांवर काम केलं. तिथं त्यानं पाहिलं की पुराचा विषय निघाला की इंजिनिअर मंडळींकडे उत्तर एकच : धरण नाहीतर तटबंध. १९४२ च्या प्रबंधात (छापला गेला १९४५ साली) त्यानं म्हटलं की पूर ही देवाची करणी असेल, पण पुरातलं नुकसान ही बऱ्याच अंशी माणसाची करणी आहे. हे वाक्य आता इतक्या ठिकाणी छापलं जातं की गुळगुळीत झालंय. पण प्रबंधाचा खरा जीव पुढं आहे. भिंत घालण्याखेरीज माणसाकडे आणखी काय काय मार्ग असतात, याची त्यानं यादी केली. जोतं उंच करणं, इमारतीच्या रचनेत बदल, वेळेवर माल हलवणं, जमीनवापराचे नियम, विमा, सरकारी मदत आणि मुकाट्यानं नुकसान सोसणं. सोसणं हासुद्धा एक निर्णय आहे, हे त्याच्याआधी कुणी असं मांडलेलं माझ्या वाचनात नाही.

१९३६ साली अमेरिकेत पूरनियंत्रणाचा मोठा केंद्रीय कायदा झाला. पुढच्या वीसेक वर्षांत अब्जावधी डॉलर ओतले, आणि पुराचं नुकसान वाढतच गेलं. १९५८ मध्ये व्हाइट आणि सहकाऱ्यांनी १७ शहरांच्या पूरमैदानांचा (म्हणजे नदीकाठच्या पुरात बुडणाऱ्या सपाट भागाचा) अभ्यास केला, तेव्हा बहुतेक ठिकाणी तिथली वस्ती आणि बांधकाम वाढलेलं दिसलं. तटबंधानं लहानसहान पूर थांबतात, लोकांना वाटतं आता काळजी मिटली, जमिनीला भाव येतो, घरं उठतात, आणि मग तटबंधापेक्षा मोठं पाणी येतं. याला ती मंडळी ‘तटबंध-परिणाम’ म्हणतात.

पण मला जास्त आवडतो तो व्हाइटचा विद्यार्थी रॉबर्ट केट्स. हा गडी इंडियानातल्या गॅरीच्या पोलाद कारखान्यात बारा वर्षं कामगार होता. पदवी नव्हतीच, व्हाइटनं त्याला थेट वर घेतलं आणि १९६२ साली शिकागोतून पीएचडी. टेनेसीतल्या लाफॉलेट नावाच्या छोट्या गावात त्यानं घरमालकांशी, दुकानदारांशी बोलून पाहिलं. निष्कर्ष असा की पूरमैदानातली माणसं स्वतःच्या अनुभवाच्या कैदेत असतात. नुकताच पाहिलेला पूर हीच त्यांची कमाल मर्यादा होऊन बसते. त्याहून मोठा येऊ शकतो हे तोंडानं कबूल करतील, पण तयारी करायची ती त्याच मापानं.

१९६४ मध्ये केट्स आणि इयन बर्टन यांनी लोकांच्या उत्तरांचा एक तक्ता केला. अनिश्चितता सहन होत नाही म्हणून माणूस चार प्रकारे ती पुसून टाकतो. एक, धोकाच नाही : ‘इथं पूर येत नाही, पाणी जरा चढतं एवढंच.’ दोन, पुन्हा होणार नाही : ‘तो प्रकार विचित्रच होता.’ तीन, त्याला वेळापत्रक लावायचं : ‘पूर पाच वर्षांनी येतो.’ चार, वर ढकलायचं : ‘देवाच्या हातात आहे’, नाहीतर ‘सरकार बघून घेईल.’ देव आणि सरकार एकाच रकान्यात! साठ वर्षं झाली, पण तो रकाना आजही तसाच भरतो.

तुमच्या गावात या चारपैकी कोणती उत्तरं ऐकलीत?

---

कृष्णाकाठ

भूगोलवाला, धागा आवडला. सांगलीकडचा असल्यामुळे लिहायलाच हवं.

आमच्याकडे पावसाळ्यात हवामान विचारत नाहीत, ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात, म्हणजे सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट. ४० फूट इशारा, ४५ धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आकडा चढत होता आणि घरोघरी एकच वाक्य : ‘२००५ ला आपल्या पायरीला लागलं नव्हतं.’ माझे काका म्हणजे शिकलेले, निवृत्त मुख्याध्यापक. गल्लीतली पोरं बोलवायला आली तेव्हा त्यांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. कपाटातली कागदपत्रं वरच्या कप्प्यात ठेवली, तेवढीच तयारी. आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. काकांना बोटीतून काढलं तेव्हा ते शेवटपर्यंत म्हणत होते की हे पाणी नियमाप्रमाणे आलेलं नाही.

केट्स कुठं तरी वाचायला मिळेल का मराठीत?

---

रंकाळ्यावरचा

भावा, आमच्या कोल्हापुरात फूट-इंच नंतर. आधी ‘मच्छिंद्री झाली का?’ मच्छिंद्री म्हणजे शिवाजी पुलावरची पाण्याची खूण; तिथं पाणी लागलं की म्हातारी माणसं उठून बसतात. मग ‘जामदार क्लबला पाणी आलं का?’, मग ‘गायकवाड वाडा?’ असं पाणी एकेक टप्पा चढतं. राजाराम बंधाऱ्याचा आकडा (३९ इशारा, ४३ धोका) टीव्हीवाल्यांना. ही मापं चांगली आहेत असं माझं मत. ४३ फूट म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यासमोर काय येतं? जामदार क्लब म्हटलं की कळतं कुणी गाडी कुठं लावायची.

पण तुमच्या केट्सचं म्हणणं इथंही लागू पडतंय. मापं जुन्या पुरांवर बसवलेली. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा पुढच्या टप्प्याला नावच नव्हतं कुणाकडे. २०२१ ला मात्र लोक लवकर हलले. गल्लीच्या भिंतींवर २०१९ च्या रेघा ताज्या होत्या.

---

सरळसोट

क्षमस्व, पण मला या सगळ्या मांडणीत एक वरचढपणा दिसतो. लोकांची ‘जाणीव’ तपासायची, ‘चुकीच्या समजुती’ शोधायच्या. जणू कळलं असतं तर ते टेकडीवर बंगला बांधून राहिले असते! नदीकाठी राहणाऱ्याला नदी कळत नाही आणि शिकागोच्या माणसाला कळते?

हा आक्षेप माझा एकट्याचा नाही. १९७६ मध्येच ओकीफ, वेस्टगेट आणि विस्नर यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं की नैसर्गिक आपत्तीतला ‘नैसर्गिक’पणा काढून टाका. पुढे १९८३ मध्ये केनेथ ह्युइटनं संपादित केलेल्या पुस्तकात व्हाइटच्या परंपरेवर याच अंगानं झोड उठली. माणूस धोक्याच्या जागी राहतो कारण त्याला दुसरी जागा परवडत नाही. यात मानसशास्त्र कुठं आलं?

---

भूगोलवाला

सरळसोट, आक्षेप रास्त आहे आणि तो व्हाइटच्या लोकांनाही चुकवता आलेला नाही. बर्टन, केट्स, व्हाइट या तिघांच्या १९७८ च्या पुस्तकात जगभरातले अभ्यास आहेत, पण विचारणा मुख्यतः ‘तुम्हाला कोणते पर्याय माहीत आहेत’ अशा धाटणीची. पर्याय माहीत असणं आणि खिशात असणं यातलं अंतर तिथं पुसट होतं.

तरी एक सांगतो. लाफॉलेटमधली बरीच मंडळी गरीब नव्हती, मुख्य रस्त्यावरचे दुकानदार होते. कृष्णाकाठ यांचे काकाही काही नाइलाजानं थांबले नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच गल्लीत असतात.

कृष्णाकाठ, मराठीत केट्स पाहिलेला नाही मी.

---

रंकाळ्यावरचा

सरळसोट साहेबांना दुजोरा देणारं आमच्याकडचंच उदाहरण आहे. प्रयाग चिखली. १९८९ च्या पुरानंतर गावाला सोनतळीला प्लॉट दिले. पूर आला की लोक सोनतळीला जातात, ओसरला की खाली. बाहेरचे म्हणतात, ‘यांना कळत नाही का?’ अहो, कळतंय की. पण ऊस खाली, म्हशी खाली, दूध घालायची डेअरी खाली. पहाटे चारला धार काढणाऱ्यानं सोनतळीवरून रोज यायचं का? जागा मिळाली ती माणसाला राहायला, गोठ्याला नाही. जाणिवेचा प्रश्न नाही हा, म्हशीचा आहे.

---

सरळसोट

हेच म्हणतोय मी. म्हशीला प्रश्नावली द्या.

---

बोल्डरकर

गेली काही वर्षं कोलोरॅडोत बोल्डरला असतो. व्हाइटनं १९७० नंतरचं आयुष्य इथंच काढलं, २००६ मध्ये ९४ व्या वर्षी इथंच गेला. इथल्या विद्यापीठातलं नॅचरल हॅझर्ड्स सेंटर त्यानंच १९७६ साली सुरू केलं. बोल्डर क्रीकच्या काठी त्याच्या स्मरणार्थ एक उंच खांब उभा केलाय. त्यावर ५० वर्षांच्या, १०० वर्षांच्या, ५०० वर्षांच्या पुराचं पाणी कुठवर येईल याच्या खुणा आहेत. आणि त्यांच्याही वर एक खूण : शेजारच्या बिग थॉम्प्सन दरीत १९७६ ला आला तसा पूर इथं आला तर. पोरं सायकली टेकवतात त्याला. मान वर करून बघितल्याशिवाय ती खूण दिसत नाही.

बिग थॉम्प्सनची गोष्ट या धाग्यात यायलाच हवी. ३१ जुलै १९७६, राज्याच्या शताब्दीचा आठवड्याअखेर, दरीत पर्यटकांची झुंबड. वरच्या भागात काही तासांत जवळपास फूटभर पाऊस कोसळला आणि खालच्या भागात रस्ता कोरडा. पोलीस गाड्या थांबवून सांगत होते, पण डोक्यावर चांदणं असताना पुरावर विश्वास कोण ठेवणार? १४० च्या वर माणसं गेली. नंतर ईव्ह ग्रुन्टफेस्ट या संशोधिकेनं वाचलेल्यांशी बोलून आणि गेलेल्यांची माहिती जुळवून कोण कसं वागलं ते मांडलं. ज्यांनी गाडी जागेवर सोडून दरीची कड चढली ते बहुतेक वाचले. गाडीतून दरीबाहेर निघायला गेलेले बरेच जण वाहून गेले. गाडी सोडवत नाही हो माणसाला. गाडीत बसलं की घरात असल्यासारखं वाटतं.

त्यातून पुढं इथल्या डोंगरी रस्त्यांवर पाट्या लागल्या : अचानक पूर आला तर वर चढा. पाटीवर डोंगर चढणाऱ्या माणसाचं चित्र. मला विचाराल तर या संपूर्ण शाखेतलं सर्वांत उपयोगी प्रकाशन ती पाटी आहे.

---

आकडेमोड

‘१०० वर्षांचा पूर’ या शब्दप्रयोगावर माझा जुना राग आहे. तो १०० वर्षांनी एकदा येत नाही. दरवर्षी त्याची शक्यता १ टक्का असते. समजा ३० वर्षांचं गृहकर्ज घेतलंत, तर कर्ज फिटेपर्यंत तो एकदा तरी येण्याची शक्यता : १ वजा (०.९९ चा ३० वा घात), म्हणजे सुमारे २६ टक्के. चारातली एक!

आपल्याकडे निळी रेषा म्हणजे २५ वर्षांच्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांच्या. निळ्या रेषेवरच्या घराला त्याच ३० वर्षांत पाणी लागण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के येते. आणि लोक काय म्हणतात, ‘२०१९ ला येऊन गेला, आता २५ वर्षं निवांत.’ भूगोलवाला यांच्या तक्त्यातला तिसरा प्रकार. पावसाला मागच्या वर्षीचं आठवत नसतं, हे कुणाच्याही गळी उतरत नाही. २०२१ नं उतरवलं असावं.

---

वाशिष्ठीची लेक

चिपळूणहून. आमचं बाजारपेठेत कापडाचं दुकान. २००५ च्या पाण्याची खूण सासऱ्यांनी खांबावर तेलरंगानं करून ठेवलेली. त्या खुणेच्या वर दीड फूट सोडून सगळ्या दुकानाला फिरती फळी ठोकली होती. पावसाळा आला की भारी माल फळीवर, साधा खाली. आजूबाजूचे कौतुक करायचे, ‘तुमचं बरं आहे, तयारी पक्की.’ २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी भरायला लागलं तेव्हा आम्ही माडीवर निर्धास्त. भारी माल फळीवर आहे ना! सकाळी फळीही पाण्याखाली. पैठण्या, लग्नाचे शालू, सगळं. साधा माल तर गेलाच.

म्हणून मला केट्सचं वाक्य वाचून कसंतरी झालं. आम्ही अनुभवातून शिकलो नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. तंतोतंत शिकलो होतो, इंचांत.

आता नवी खूण केली आहे. सासरे फळी त्याच्या वर घ्या म्हणतात. मी म्हणते फळी नको, पावसाळ्याचे दोन महिने भारी माल वरच्या अंगाला भाड्याच्या खोलीत ठेवू. भाडं जातं, पण इंच मोजत बसायला नको. वाद चालू आहे.

---

भूगोलवाला

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून धागा काढल्याचं सार्थक झालं. केट्सनं नेमकं हेच टिपलं होतं : अनुभव असलेला माणूस अनुभव नसलेल्यापेक्षा नक्की जास्त तयारी करतो, पण तयारीची उंची अनुभवाएवढी. तुमचा भाड्याच्या खोलीचा विचार मला पटतो, कारण तो आकड्यावर अवलंबून नाही. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, बाजू मात्र तुमची घेतो.

---

पेठेतला

विमा काढला होता का ताईंनी? व्हाइटच्या यादीत विमा आहे म्हणून विचारतो.

---

वाशिष्ठीची लेक

होता. कंपनीचं नाव नको. स्टॉकची वही भिजली, संगणक भिजला, आणि सर्व्हेअरनं बिलं मागितली. जे मिळालं त्यात गाळ काढायची मजुरी निघाली.

---

भूगोलवाला

विम्याबद्दल व्हाइट स्वतः फार सावध होता. त्याच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटानं १९६६ साली अमेरिकन काँग्रेसला अहवाल दिला. त्यात स्पष्ट लिहिलं की पूरविमा वापरायचा तर कौशल्यानं वापरा, नाहीतर वापरूच नका. नीट लावला तर लोक पूरमैदान शहाणपणानं वापरतील, चुकीचा लावला तर नुकसानीचा प्रश्न आणखी चिघळेल. दोन वर्षांत, १९६८ ला, राष्ट्रीय पूरविमा योजना आली. मग स्वस्त हप्त्यांच्या भरवशावर लोक त्याच जागी पुन्हा पुन्हा बांधत राहिले, आणि ती योजना पुढं कर्जात बुडाली. अहवाल लिहिणारा ऐकवून मोकळा होतो, कायदा करणारे सोयीचं तेवढं उचलतात.

---

ढगांची_गणितं

वादळांवरचा एक अभ्यास राहिला. १९७२ मध्ये सिम्स आणि बाऊमन यांनी ‘सायन्स’मध्ये लेख लिहिला. अमेरिकेत टोर्नेडोनं मरणाऱ्यांचं प्रमाण दक्षिणेत जास्त, ते का? त्यांनी इलिनॉय आणि अलाबामातल्या लोकांना अर्धवट वाक्यं पूर्ण करायला दिली. इलिनॉयवाले रेडिओ ऐकतात, स्वतः काही करता येतं असं मानतात. अलाबामावाले आकाश बघतात आणि देवावर सोडतात, असा निष्कर्ष काढला. मरणाचं कारण स्वभावात शोधलं.

सरळसोट यांच्यासाठी खास : या लेखावर टीका झाली आणि ती बरोबर होती. दक्षिणेत रात्रीचे टोर्नेडो जास्त, झोपेतल्या माणसाला कसला इशारा? शिवाय तिथं जमिनीला न बांधलेली फिरती घरं जास्त, आणि वादळात तीच आधी उडतात. देवाला मध्ये आणायची गरजच नव्हती.

---

सरळसोट

धन्यवाद. माझा पूर्ण आक्षेप तुम्ही चार ओळींत मांडलात. तरी ताईंच्या फळीची गोष्ट वाचल्यावर एवढं मान्य करतो की सगळंच गरिबीवर ढकलता येत नाही. त्यांच्याकडे पैसा होता, अक्कल होती, अनुभव होता.

---

नवीन_मेंबर_२२

हे सगळं ठीक, पण अलमट्टीची उंची वाढवली तर काय?

---

रंकाळ्यावरचा

आला! बाविसाव्या प्रतिसादाच्या आत आला, पण चौथ्यात नाही. प्रगती आहे.

---

भूगोलवाला

नवीन मेंबर, त्यावर वेगळा धागा आहे, तिथं या. इथल्या विषयापुरतं एवढंच : पाणी कुणी सोडलं हा प्रश्न महत्त्वाचाच, फक्त तो एकटाच विचारत बसलं की आपण स्वतः पात्राच्या किती जवळ सरकलो ते विचारायचं राहून जातं. नदीला भर घालून झालेल्या सोसायट्या अलमट्टीनं बांधल्या नाहीत.

---

कृष्णाकाठ

त्यावरूनच कामाचं विचारतो. भाची फ्लॅट घेतेय, नदीपासून फार लांब नाही. बिल्डरचा माणूस म्हणतो, ‘पाणी पार्किंगपर्यंतच येतं.’ लाल रेषा बघायची कुठं?

---

आकडेमोड

पूररेषांचे नकाशे जलसंपदा विभाग करतो. महापालिकेच्या विकास आराखड्यात रेषा दाखवलेली आहे का ते नगररचना विभागात बघा. सर्व्हे नंबर घेऊन जा, बिल्डरच्या छापील पत्रकावरचा नकाशा नको. दुसरं, रेषा कोणत्या वर्षी आखली ते विचारा. २०१९ च्या आधीची असेल तर तिच्यात २०१९ चं पाणी धरलेलं नाही. तिसरं, त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा की २०१९ ला माल कुठं हलवला होता. सोसायटीतल्या कुणाला विचारू नका, त्यांना फ्लॅट विकायचा असू शकतो.

आणि तळमजल्यावर ट्रान्सफॉर्मर, मीटर, लिफ्टची मोटर कुठं बसवलीय ते बघा. पाणी खरंच पार्किंगपर्यंतच आलं, तरी ही तिन्ही पार्किंगमध्ये असतील तर भाची पाचव्या मजल्यावर अंधारात, बिनपाण्याची.

---

बालाघाटी

पूरवाल्यांनो, आमच्याकडे पाण्याचीच वाट बघतात. या मंडळींनी दुष्काळावर काही केलंय का?

---

भूगोलवाला

केलंय. टॉमस सारिनेन, व्हाइटचाच विद्यार्थी, १९६६. अमेरिकेच्या ग्रेट प्लेन्समधले गव्हाचे शेतकरी. त्यांना चित्रं दाखवून गोष्टी सांगायला लावल्या आणि दुष्काळ किती वेळा पडतो ते विचारलं. बहुतेकांनी प्रत्यक्षापेक्षा कमी सांगितलं. जास्त कोरड्या भागातल्या आणि वयानं मोठ्या शेतकऱ्यांचा अंदाज खऱ्याच्या जवळ होता. चांगलं पीक आलेली वर्षं मात्र त्यांनीही जास्तच मोजली. बालाघाटी, तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ७२ च्या आधीचे दुष्काळ विचारून धागा काढाल का? मी सारिनेनच्या चित्रांबद्दल तिथं सविस्तर लिहितो.

---

बालाघाटी

आजोबा ९० चे आहेत. रविवारी गावी जातोय, विचारतो. पण ते चित्र बघून गोष्ट सांगणारे नाहीत, आधी विचारतील की तुझ्या विहिरीला किती परस पाणी आहे.